शहाण्याने चढावी अशी पायरी

माणगावात एस.टी. स्थानकाजवळच्या टपरीवर चहाला पैसे पडतात, सल्ला मात्र फुकट मिळतो. तीन वर्षांपूर्वी मलाही असा एक सल्ला मिळाला होता. घरामागच्या दोन खोल्यांतला भाडेकरू जागा सोडत नाही, अशी माझी तक्रार होती. टपरीवरच्या चौघांनी ऐकून घेतले आणि चौघांचेही एकमत झाले. "पाणी बंद करा. आठ दिवसांत जातो की नाही बघा." एकाने पुढची पायरीही सांगून ठेवली, "गणपतीत तो गावी गेला की कुलूप बदला."

आपल्याकडे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण जो तो ऐकवतो. जागेच्या बाबतीत या म्हणीचा अर्थ हळूहळू बदलत गेला आहे. कोर्टात जायचे नाही म्हणजे सामोपचाराने घ्यायचे, हा मूळचा अर्थ मागे पडला. कोर्टात जायचे नाही म्हणजे परस्पर उरकायचे, हा नवा अर्थ पुढे आला. म्हणून हा लेख. मी वकील नाही. पण जागेच्या भांडणाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे. आधी भाडेकरूचा मुलगा म्हणून आणि नंतर घरमालक म्हणून.

आधी पहिली बाजू सांगतो. माझे वडील गिरणी कामगार होते. लालबागच्या एका चाळीत आमची एक खोली होती, भाडे महिना साडेअठरा रुपये. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन-तीन महिन्यांत पगाराविना मुंबईत राहणे अशक्य झाले आणि कोकणातल्या हजारो बिऱ्हाडांप्रमाणे आम्हीही खोलीला कुलूप लावून गावाकडे, माणगावला आलो. संप आज मिटेल, उद्या मिटेल, या आशेवर वर्ष गेले. वडील दर महिन्याला माणगावच्या पोस्टातून भाड्याची मनीऑर्डर करीत. काही महिन्यांनी ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येऊ लागली. वडील तो कागद जपून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवीत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मनीऑर्डर करीत. मला तेव्हा हा वेडेपणा वाटे. घरात तांदूळ उसने आणायचे आणि न घेणाऱ्या माणसाला पैसे पाठवायचे!

मग दावा आला. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात एक कलम होते. दाव्याच्या तारखेआधी सलग सहा महिने जागा, वाजवी कारणाशिवाय, ज्यासाठी घेतली त्यासाठी वापरली नसेल तर मालकाला ताबा मागता येई. मालकाने त्यावरच बोट ठेवले. वडिलांच्या मनीऑर्डरींवर माणगाव पोस्टाचा शिक्का होता, आणि हे कुटुंब मुंबईत राहतच नाही याचा पुरावा म्हणून तोच शिक्का आमच्याविरुद्ध दाखवला गेला.

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वडिलांसोबत मी कितीतरी तारखांना गेलो. शेवटी निकाल आमच्या बाजूने लागला. संप हे वाजवी कारण आहे, असे न्यायालयाने मानले. ज्या कागदांनी आम्हाला अडचणीत आणले होते, त्याच कागदांनी भाडे थकवले नसल्याचेही सिद्ध केले. पण त्याला वर्षे लागली आणि तेवढी वर्षे आई रोज रात्री कुलूप दोनदा ओढून बघत असे. सकाळी उठल्यावर आपण या घरात असू की नाही, ही शंका माणसाला आतून कशी पोखरते, ते मी त्या खोलीत पाहिले.

पुढे वय वाढले तशी मला त्या मालकाचीही बाजू दिसू लागली. साडेअठरा रुपयांत तो काय करणार होता? मुंबईत भाड्यांवर पहिले नियंत्रण आले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडे बव्हंशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. युद्ध, फाळणी, शहरात लोटणारी माणसे हे सारे लक्षात घेता त्या वेळी ते गरजेचेच होते. तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. डिसेंबर १९९७ मध्ये 'मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एके काळी रास्त असलेल्या प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवास्तव आणि अन्यायकारक झाल्या आहेत. कायद्याची मुदत संपत आली होती आणि नवा कायदा विचाराधीन होता, म्हणून त्या लगेच रद्द केल्या नाहीत, एवढेच.

या गोठलेल्या भाड्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. मालकाला भाडे वाढवता येत नव्हते, पण भाडेकरूची चूक सापडली तर जागा परत मिळत होती. साहजिकच त्याचे सारे लक्ष भाड्यावरून भाडेकरूच्या चुकांवर गेले. कोण गावी गेला, कोणाकडे कोणता पाहुणा जास्त दिवस राहिला, कोणी मोरीवर फळी टाकली, याची टिपणे ठेवली जाऊ लागली. आणि भाडेकरू? तो छप्पर गळत असले तरी दुरुस्तीबद्दल बोलायला भिऊ लागला. चाळी पडत गेल्या त्या अशा. त्यात पावसाचा जेवढा हात होता, तेवढाच या अविश्वासाचाही होता.

आता दुसरी बाजू. २००६ साली मी माणगावातल्या घरामागच्या दोन खोल्या एका कंपनीतल्या फिटरला भाड्याने दिल्या. घाटावरचे कुटुंब, नवरा-बायको आणि एक तान्ही मुलगी. कागद काही केला नाही. 'गावात कसला कागद करायचा?' असे मीच म्हणालो होतो. भाडे हातात यायचे, मी ते वहीत लिहायचो. सोळा वर्षांत मी त्यांना एकही पावती दिली नाही. ज्याच्या बापाचे घर पावत्यांनी वाचवले, त्या माणसाने! भाड्याची पावती देणे हे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे आणि न देणे हा गुन्हा आहे, हे मला वयाच्या साठीत वकिलांच्या कचेरीत बसून कळले.

२०२२ मध्ये माझ्या मुलाला इकडच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. तो, सूनबाई आणि नातू मुंबईहून आले. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण मावेनासे झालो. दिवाळीनंतर मी मागच्या खोल्या सोडायला सांगितले. "काका, सोळा वर्षे झाली. आता लगेच कुठं जाऊ?" एवढेच तो म्हणाला. मला तो उद्धटपणा वाटला. बोलणे वाढले, मग थांबले. त्याच आठवड्यात टपरीवरचा तो सल्ला मिळाला.

एका सकाळी मी गच्चीवर गेलो. बोअरचे पाणी ज्या टाकीत चढते ती टाकी तिथे आहे. मागच्या खोल्यांकडे जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह मी हातात धरला. खाली त्यांची मुलगी दप्तर पाठीला लावून बादली भरत होती. कॉलेजला जायच्या आधी आईला पाणी भरून देण्याची तिची रोजची पद्धत. मी व्हॉल्व्ह फिरवला नाही. त्याचे फार श्रेय घेत नाही, कारण मी खाली उतरलो तो दयेने कमी आणि लाजेने जास्त. तडक वकिलांकडे गेलो.

वकीलसाहेबांनी आधी मला टपरीवरच्या सल्ल्याची किंमत सांगितली. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास यांसारखी आवश्यक सोय मालकाने तोडणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मना आहे. भाडेकरू कोर्टात गेला तर ती सोय पूर्ववत करण्याचा हुकूम होतो, वर शिक्षेचीही तरतूद आहे. कुलूप बदलणे तर त्याहून महाग पडते. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या सहाव्या कलमानुसार, कायद्याची वाट सोडून ज्याला जागेबाहेर काढले, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारात घेत नाहीत. घर माझे, सातबारा माझा, घरपट्टी मी भरतो, हे सगळे खरे असूनही कोर्ट चावी त्याच्या हातात परत देऊ शकते. पोलिसांकडे जाऊनही उपयोग नाही. हुकूमनाम्याशिवाय घर खाली करून देणे हे पोलीस ठाण्याचे काम नव्हे.

मग त्यांनी सरळ वाट सांगितली. पहिला प्रश्न असा की जागेला कोणता कायदा लागू होतो. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याला जोडलेल्या परिशिष्टांतल्या भागांना लागू आहे, सरसकट प्रत्येक खेड्याला नव्हे. जिथे तो लागू नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो, आणि महिनेवारीने दिलेल्या घराची भाडेदारी पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येते. पण नोटीस संपली म्हणजे ताबा मिळाला असे नाही. "कायदा हा असो वा तो, चार पायऱ्या चुकत नाहीत," वकीलसाहेब म्हणाले. "नोटीस, दावा, हुकूमनामा आणि शेवटी दरखास्त. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार फक्त कोर्टाच्या बेलिफाला आहे. तुम्हाला नाही, मलाही नाही."

भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे मालकाला नुसते 'नको' म्हणून चालत नाही, कायद्यातले कारण दाखवावे लागते. भाडे थकले असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस, आणि ती पोचल्यावर नव्वद दिवस थांबणे. त्यानंतर दावा लावला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सारी थकबाकी पंधरा टक्के व्याजाने आणि खर्चासह कोर्टात भरली आणि पुढेही भरत राहिला, तर त्या कारणाने त्याला काढता येत नाही. परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणे, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे, जागेची नासधूस, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने जागा विनाकारण न वापरणे, ही आणखी काही कारणे. आणि माझ्यासारख्यांचे कारण म्हणजे मालकाला स्वतःला राहण्यासाठी जागेची रास्त आणि खरी गरज असणे.

या शेवटच्या कारणाला कायद्याने एक तराजू जोडला आहे, आणि मला तो साऱ्या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. मालकाची गरज खरी ठरली तरी न्यायाधीश आणखी एक प्रश्न विचारतो. ताबा दिला तर भाडेकरूचे जे हाल होतील ते, ताबा नाकारल्याने मालकाचे जे हाल होतील त्यांहून अधिक आहेत का? दोघांनाही दुसरी जागा उपलब्ध आहे का? भागत असेल तर अर्ध्या जागेचाही ताबा देता येतो. गरज खोटी निघू नये म्हणूनही तरतूद आहे. ताबा मिळाल्यावर मालक महिनाभरात राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने जागा तिसऱ्याच माणसाला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू कोर्टाकडून जागा परत मागू शकतो.

हा तराजूचा प्रश्न ऐकला आणि मी जरा वरमलो. कारण तो मी स्वतःला विचारलाच नव्हता. त्या संध्याकाळी सौभाग्यवती मागच्या दारी गेली आणि त्याच्या बायकोशी बोलून आली. मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होती. घर बदलायला त्यांची ना नव्हती, ऐन परीक्षेत बदलायला होती. सोळा वर्षे एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहून मला एवढे माहीत नव्हते. आमचे हाल म्हणजे दाटीवाटी. त्यांचे हाल म्हणजे एका मुलीचे वर्ष.

आम्ही दावा लावला नाही. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज दिला आणि फेब्रुवारीतल्या लोकअदालतीत तडजोड लिहून घेतली. मे अखेर खोल्या रिकाम्या करायच्या, तोवर भाडे तेच, अनामत जाताना परत. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे माझा ताबा नक्की झाला आणि त्यांची मुदतही. मे महिन्याच्या अखेरीला टेम्पो आला. जाताना मुलगी पेढे देऊन गेली. ते निकालाचे होते.

सगळ्यांचे इतके सोपे होत नाही, याची मला जाणीव आहे. पेन्शनीत बांधलेल्या घरात भाडेकरू ठेवला आणि आता तो ना भाडे देतो ना जागा सोडतो, अशा विधवा बायका प्रत्येक तालुक्याला सापडतील. दावा लागतो, कैफियत येते, तारखांवर तारखा पडतात, उलटतपासणीपर्यंत साक्षीदार म्हातारा होतो. निकालानंतर जिल्हा न्यायालयात अपील, त्यानंतर उच्च न्यायालय. पंधरा वर्षांनी मिळणारा ताबा हा पुष्कळदा नातवाला मिळतो. टपरीवरचे सल्ले या विलंबातून जन्माला येतात. कोर्टाची वाट जितकी लांब, तितका आडवाटेचा मोह मोठा. म्हणून अशा दाव्यांना कालमर्यादा हवी, ही मालकांची मागणी मला रास्त वाटते, आणि भाडेकरूंनीही तिला विरोध करू नये.

उलट टोकालाही एक चूक झाली आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना त्या वर्षीच्या दुरुस्तीने भाडेकरू मानले गेले आणि मालकांच्या मनात कायमची धास्ती बसली. आजच्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहत्या घराचा ताबा सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मिळवता येतो. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मिळवली नाही, तर राहणाऱ्याला विरोधच करता येत नाही. मुदतीनंतर राहिल्यास शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई. मालकाची सोय झाली हे चांगलेच. पण तरीही धास्ती जात नाही आणि आपण अकरा-अकरा महिन्यांची माणसे तयार करीत आहोत. दर वर्षी नवे घर, नवी अनामत, नव्या दलालाची दलाली, गॅसचा नवा पत्ता, मुलांची नवी शाळा. माझ्या बापाला चाळीस वर्षे एक पत्ता होता. माझ्या मुलाने मुंबईत सहा वर्षांत चार घरे बदलली.

या दोन टोकांच्या मधली वाट कायद्यात आजही आहे, आपण ती वापरत नाही. तीन किंवा पाच वर्षांचा करार करा. दर वर्षी किती वाढ हे त्यातच लिहा. भाडे नियंत्रण कायदाही साध्या भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ देतो. सोडण्यासाठी दोन्ही बाजूंना किती महिन्यांची सूचना, अनामत किती आणि परत कधी, दुरुस्ती कोणाची, हे स्पष्ट लिहा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. कराराची नोंदणी ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. दर महिन्याला पावती द्या आणि मागून घ्या. यात अविश्वास काही नाही. उद्या दोघांपैकी एकाची स्मरणशक्ती किंवा नीयत बदलली, तर उरलेल्याला आधार हवा, इतकेच.

आणि घर परत हवे असेल तर आधी मागच्या दाराने जाऊन विचारा, मग पुढच्या दाराने नोटीस द्या. तरीही जमले नाही तर कोर्टाची पायरी जरूर चढा. त्या पायरीवर मालकाचा हक्क आणि भाडेकरूची अब्रू दोन्ही शाबूत राहतात. गच्चीवरच्या व्हॉल्व्हपाशी दोन्ही जातात.

वडिलांची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. परत आलेल्या मनीऑर्डरींचे कागद पिवळे पडले आहेत. मागच्या खोल्यांत आता मुलाचा संसार आहे. सूनबाईच्या माहेरचे कोणी माणगावात भाड्याने जागा शोधत आहेत, असे परवा कळले. मी त्यांना एकच सांगितले, "जागा कुठलीही बघा, पण पावती घेतल्याशिवाय भाडे देऊ नका."